डब्यातला चेहरा

“ताई, हा डबा उद्या दुपारपर्यंतच,” जितेश म्हणाला. टीव्हीखालच्या डिशच्या डब्यावरची धूळ त्याने बोटाने पुसली. “कंपनी जुने सगळे बंद करतेय. नवा घ्यायचा तर अडीच हजार. रेकॉर्डिंग पायजे असेल तर त्याचे महिन्याला वेगळे.”

“वेगळे तर मी आताबी भरते,” पूजा म्हणाली. “पण आतलं जुनं रेकॉर्डिंग? ते नव्यात येईल ना?”

“नाय. ते या डब्याबरोबर गेलं.”

पूजा मटकन खाली बसली.

जितेशला नवल वाटलं. रोह्यापासून पेणपर्यंत तो दिवसभर डबे बदलत फिरायचा. लोक पैशावरून हुज्जत घालायचे, मालिका बुडाली म्हणून बोंबलायचे. पण डब्यासाठी कुणाचं तोंड असं पांढरंफटक पडलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आणि पूजा खरंच घाबरली होती. पेणच्या रामवाडीतल्या त्या दोन खोल्यांत ती आणि तिची पोर प्रतिक्षा, दोघीच. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवून जे मिळे त्यातून भाडं जायचं, शाळा जायची, आणि काही झालं तरी रेकॉर्डिंगचा महिना चुकायचा नाही. पैसे थकले की नुसते चॅनेल जात नाहीत, साठवलेलंही उघडत नाही. घरमालकीण इंदुबाई तोंडावर म्हणायची, “गो, पोरीचं दूध बंद केलंस नि डब्याला पैसे भरतेस? डोकं ठिकाणावर हाय ना?” पूजा भाडं तिच्या हातावर ठेवून आत वळायची. कोणाकोणाला सांगणार?

“एवढं काय हाय हो त्यात?” जितेशने विचारलं.

तिने रिमोट दाबला. दोन वर्षांपूर्वीची बातमी लागली. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी, गुलाल, ढोल, ही गर्दी! पालखीला खांदा दिलेला एक माणूस हसत हसत कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात आला. पूजाने चित्र तिथेच थांबवलं.

“पोरीचा बाप,” ती म्हणाली. “याचा एकबी फोटो नाय माझ्याकडं. रोह्याहून निघाले तवा घाईत सगळं तिथंच राहिलं. पोर बारकी होती, तिला तोंडच आठवत नाय. एक दिवस बातम्या लावल्या नि हा समोर! लगेच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.”

जितेशची नजर तिच्या मोकळ्या गळ्याकडे गेली. “म्हणजे, ते आता...?”

पूजाने नजर पडद्यावरच ठेवली. त्याने पुन्हा विचारलं नाही. माणूस भला होता बिचारा.

दिवेलागण झाली होती. प्रतिक्षा हातपाय धुऊन आली, देवापुढे शुभंकरोति म्हणाली आणि सवयीने टीव्हीसमोर येऊन बसली. परका माणूस घरात असूनही पूजाने त्या दिवशी नेम चुकवला नाही.

“बघ नीट. काय दिसतं?”

“डाव्या भुवईवर खूण,” पोर पाढे म्हणावेत तशी म्हणाली. “कानात बाळी. हसला की मान वाकडी.”

“विसरशील?”

“नाय.”

“नि पुढचं पाठ हाय ना?”

“हाय गो आये! रोज काय विचारतेस?”

जितेशच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने खिशातून मोबाइल काढला. “ताई, कशाला घाबरता? मी याचा फोटो घेतो. रोह्याला मोठा करून उद्या संध्याकाळी आणून देतो. डबा गेला उडत!”

पूजा उठून उभी राहिली. तिचा मोबाइल साधा, बटणांचा. शेजारणीला फोटो काढायला सांगावं तर ती गावभर करणार. आणि हा कोण कुठला माणूस, न मागता देवासारखा धावून आला.

“लय उपकार झाले, भाऊ,” ती म्हणाली. “पण कुणाला दाखवू नका हां. लोक नाय नाय ते बोलतात.”

“छे हो! मी नि फोटोवाला, बस.”

दुसऱ्या दिवशी पूजा कारखान्यातून आली तेव्हा डबा गार पडला होता. पडदा काळा. तिने उगाच चार वेळा बटण दाबून पाहिलं. पोर आज चेहरा बघणार नाही, उद्या बघणार नाही, आणि मग हळूहळू विसरून जाईल, या विचाराने तिने ताट तसंच झाकून ठेवलं. पुढच्या दाराची कडी तिने दोनदा तपासली. दोघींच्या चपला रोजच्यासारख्या मागल्या दाराशी नेऊन ठेवल्या. फोटो हातात पडेपर्यंत तिच्या जिवात जीव येणार नव्हता.

बाहेर मोटरसायकल थांबली.

“ताई, मी जितेश! फोटो आणलाय!”

“आले, आले!” पूजा धावलीच. तिने कडीला हात घातला.

“नि फोटोपेक्षा भारी काहीतरी आणलंय!” बाहेर जितेशच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “फोटोवाल्यानं ओळखलं हो! तुम्ही समजत होता गेले म्हणून. पाच वर्षं शोधतायत तुम्हा दोघींना. बघा तर कोण आलंय!”

पूजाचा हात कडीवरच राहिला.

प्रतिक्षा खिडकीशी गेली होती. तिने पडद्याचं टोक जरासं सारलं आणि बाहेर पाहिलं. भुवई पाहिली, कान पाहिला, मान पाहिली. मग पडदा सोडून ती पाय न वाजवता आईजवळ आली आणि तिने तिचा हात कडीवरून अलगद काढला.

“आये, तोच हाय,” ती कानात म्हणाली. “आवाज नको करू. चपला घाल.”