मधली जागा

निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांना मालगाडीचे जुने डबे बनवायचं वेड लागलंय. डबेही कुठले, तर आमचा थोरला यार्डात डबे जोडायचा, त्या काळातले. जुने फोटो धुंडाळायचे, कुठे पोचा होता, गंज कुठवर चढला होता ते बघायचं आणि जेवणाच्या टेबलावर तस्साच वीतभर डबा घडवायचा. आम्ही जेवतो ताटं मांडीवर घेऊन. मी म्हणते, "सवत परवडली असती, तिने एवढी जागा अडवली नसती."

काल तोच छंद असलेला एक जण प्रदर्शनासाठी गाडी न्यायला आला. चष्मा पुसून त्याने एकेक डबा न्याहाळला.

"काका, हुबेहूब. फक्त हे मधले दोन जोडायचे राहिलेत. असे सुटे ठेवले तर गाडी चालणार कशी?"

असं म्हणत तो मागचा डबा पुढे ढकलायला गेला. ह्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.



"ढकलू नका. आमचा थोरला साखळी अडकवायला मध्ये उतरलाय. तो अजून बाहेर आलेला नाही."