सहीचा कोपरा

‘नाल्यापलीकडच्या’ हा शब्द कोड्यासारखा सुटला, तेव्हा पेंटर शिडीवर उभ्याउभ्या चक्क हसला. एवढा लांबलचक शब्द, आणि कुठे अडखळला म्हणून नाही! पुढचा ‘वस्तीतील’ही सुटला. मग ‘लोकांनी’. त्याच्या पुढचं वाचलं आणि त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं.

बोर्ड त्याचाच होता. बारा वर्षांपूर्वी रंगवलेला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, प्रत्येक अक्षराला काळी सावली. इमारतीच्या फाटकावरचा हा बोर्ड म्हणजे त्याच्या हातचं सगळ्यात देखणं काम. दरवर्षी तो आपण होऊन यायचा, वॉचमनला हाक मारायचा आणि उडालेला रंग भरून जायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली, तेव्हा त्यांनाही त्याने हौसेने इथे आणून उभं केलं होतं. “बघा, आपल्या हातचं आहे!” व्याह्यांनी बोर्ड वाचला होता. नुसती मान हलवली होती.

पेंटरला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागद देई, तो त्यावर चौकोन आखी, पत्र्यावर मोठे चौकोन आखी आणि चित्र काढावं तसं अक्षर काढी. वेलांटी अशी झोकात उतरायची की बघत राहावं. सही तेवढी नसायची. बाकीचे पेंटर कोपऱ्यात ऐटीत नाव टाकायचे, याचा कोपरा कोरा. आपलंच नाव लिहून द्या, असं कुणाला सांगणार? गावभर बोभाटा झाला असता.

म्हणून तर साठी जवळ आल्यावर तो वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या वर्गात जाऊन बसला. शिकवायला सर होते. कचेरीतून निवृत्त झालेले, याच इमारतीत राहणारे, हौसेने फुकट शिकवणारे. देवमाणूस आहे, असं पेंटर घरी येताजाता सांगायचा. ज्याला जे वाचायचं असेल ते त्याने सांगायचं, ही सरांची पद्धत. स्वयंपाकीणबाई औषधाची बाटली घेऊन यायच्या, ड्रायव्हर घराचा भाडेकरार. पेंटर म्हणाला, “मला तुमच्या फाटकावरचा बोर्ड वाचायचाय.”

“त्यात जोडाक्षरं फार आहेत. पुढे बघू,” सर म्हणाले. आठ महिने झाले, सर पुढेच बघत होते.

एक गोष्ट मात्र ते सगळ्यांकडून घोकून घ्यायचे. वाचल्याशिवाय कशाखालीही सही करायची नाही. आज पेंटर सही टाकायला आला होता. त्याने कोपरा घासून साफ केला, ब्रश रंगात बुडवला आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखा आधी वाचायला लागला.

‘नाल्यापलीकडच्या वस्तीतील लोकांनी या फाटकातून येऊ नये. मागील कचऱ्याच्या दाराने यावे. जाताना अंगझडती द्यावी.’

नाल्यापलीकडची वस्ती म्हणजे त्याची स्वतःची. टर्पेंटाइनच्या वासात उभा जन्म गेला, कधी काही झालं नाही. आज त्याच वासाने ओकारी येईल असं वाटलं. अंगझडती! त्यातल्या ‘झ’साठी त्याने अख्खी दुपार घालवली होती. त्याची बायको याच इमारतीत धुणीभांडी करायची आणि कायम मागून जायची. “अगं, पुढून जा की, माझ्या बोर्डाखालून,” असं म्हटलं की म्हणायची, “मागून जवळ पडतं.” चौथी शिकलेली बाई. बारा वर्षं रोज झडती देऊन घरी येत होती आणि नवऱ्याच्या तोंडून त्याच्याच अक्षराचं कौतुक ऐकून घेत होती. पेंटरला आपल्या हाताची किळस आली. त्याने हात पँटला खसाखसा पुसला, तरी ती जाईना.

तेवढ्यात सर फिरून परत आले. शिडी बघून त्यांची पावलं मंदावली.

“सर, हा मजकूर कुणी लिहून दिला होता?”

सरांनी आजूबाजूला पाहिलं. “तेव्हा सेक्रेटरी मी होतो. म्हणणं कमिटीचं. मी आपले फक्त शब्द जुळवले.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तुम्ही कशाला मनावर घेता? हे तुमच्यासारख्यांसाठी नाहीच मुळी.”

“मग माझ्या बायकोची झडती का घेतात?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “असं करा पेंटर, यंदा रंग भरू नका. दोन-चार वर्षांत आपोआप पुसट होईल. कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

आपोआप म्हणे! थू! पेंटरला त्यांच्याकडे बघवेना. हाच माणूस आठ महिने आपला हात हातात धरून अक्षरं गिरवून घेत होता, या विचारानेच त्याला शिसारी आली.

“नाही सर,” तो म्हणाला. “हातातलं काम मी अर्धवट सोडत नाही.”

विषय मिटला असं समजून सर सुटल्यासारखे आत निघून गेले. पेंटरने एकेक अक्षर भरायला घेतलं. रस्त्यापलीकडून वाचता येईल इतकं ठळक केलं. दुपार झाली तेव्हा फक्त सहीचा कोपरा उरला होता. तो शिडी उतरला, फाटकाजवळच्या एका पत्रपेटीवरचं पूर्ण नाव आणि घरनंबर वाचून आला आणि पुन्हा वर चढला. मग कुणी कागद दिलेला नसताना, जन्मात पहिल्यांदाच, त्याने मनाने अक्षरं काढली. आधी ‘मजकूर’ हा शब्द, आणि त्यापुढे सरांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, घरनंबरासकट.