मंगलू कोटवार कोणाचा

"मारोतीच्या उपोषणाचा चौथा दिवस आहे, वहिनी. कालपासून पोट्ट्यानं पाणी बी सोडलं," गुलाबराव दारातूनच म्हणाले. "आता तुम्हीच चला. नाही तर तो जाते."

कलावतीबाईंनी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

गुलाबराव त्यांच्या यजमानांबरोबर रेल्वेत फिटर होते. आता निवृत्त होऊन 'मंगलू कोटवार' फॅन क्लबचे अध्यक्ष झाले होते. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून कलावतीबाई समता कॉलनीतून पंडरीच्या कापड बाजाराकडं निघाल्या. वाटेत दोन ठिकाणी भिंतीवर यशदीपचा चेहरा दिसला. डोक्याला मुंडासं, हातात काठी. कलावतीबाईंनी दोन्ही वेळा मान वळवून पाहिलं.

छत्तीसगढ वेगळं राज्य झाल्यावर इथं छत्तीसगढी सिनेमे निघू लागले. त्यांतल्या मंगलू कोटवारानं, गावच्या पहारेकऱ्यानं, लोकांना वेड लावलं. तीन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी मंगलू पुराच्या नदीत उतरतो आणि पडदा काळा होतो. चौथा सुरू व्हायच्या आधीच मंगलूचं काम करणारा यशदीप मोटारसायकलवरून पडून गेला. सत्तावीस वर्षांचा होता. कलावतीबाईंचा एकुलता एक.

त्यानंतर निर्मात्यानं, निरंजननं, मंगलूचा खेळ संपला असं जाहीर केलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आणि मागच्या महिन्यात त्याच निरंजननं सगळी मालिका मुंबईच्या एका कंपनीला विकून टाकली. कंपनी म्हणाली, चौथा भाग येणार आणि मंगलू यशदीपच असणार. चेहरा मशीन करील. आवाजही मशीन करील.

कापड बाजाराच्या तोंडाशी मांडव होता. मारोती गादीवर पडला होता. साड्यांच्या दुकानातला सेल्समन, तिशीचा. ओठ फुटले होते. उशाशी त्याची बायको कमला मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन बसली होती. रसावर माशी बसू नये म्हणून तिनं पदर धरला होता.

"माझ्यासाठी एक चतुर्थी नाही धरली यानं कधी," ती म्हणाली. "मंगलूसाठी मरून राहिला. मावशी, घरी दोन पोरी आहेत."

"काहून करतं रे बाबू असं?" कलावतीबाई त्याच्याजवळ टेकल्या.

"मेल्या माणसाले नाचवून राहिले, मावशी." मारोतीचा आवाज जेमतेम येत होता. "यशदीप भैयाचा आवाज काढतीन मशीनमधून. तोच आवाज."

"हुबेहूब?"

"हुबेहूब. आईलेही फरक नाही समजत म्हणते."

कलावतीबाई आणखी पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "अन् जे तो कधी बोललाच नाही, ते बी बोलवते का मशीन?"

"तेच तर पाप आहे ना, मावशी! त्यायले पाहिजे ते बोलवतीन. भैयाले 'नाही' म्हणता येईन का आता?"

कलावतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कमलाही रडू लागली.

"घरी बी छत्तीसगढीच झाडे काय तो मंगलूसारखी?" गुलाबरावांनी वातावरण हलकं करायला विचारलं.

"नाही. हिंदी. 'मम्मी, मम्मी' करे. मी मराठीत विचारलं तरी जबाब हिंदीतच दे."

"सारे पोट्टे तसेच. माझा नातू मले 'दादाजी, चिल करो' म्हणते."

दोघेतिघे हसले. मारोती हसला नाही. गुलाबरावांनी कागद पुढं केला. कलावतीबाई एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. यशदीपचा चेहरा आणि आवाज वापरायला आईची परवानगी नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली. ज्याने मंगलूला विकले त्याच्या तोंडात माती पडो.

"हे राहू द्याचं?"

"राहू द्या! काल निरंजनच्या दाराले शाई फासली पोट्ट्यायनं. तरी तोंड उघडत नाही. बोलन काय? विकून बसला ना."

"मावशी," मारोती म्हणाला, "तुमची सही झाली का मी पितो. नाही तर राहू द्या. मी रागावणार नाही."

कलावतीबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं. त्यांनी पेन मागितला आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. मग कमलाच्या हातून पेला घेतला. मारोतीनं चार घोट घेतले आणि तो ढसाढसा रडला. मांडवात 'मंगलू कोटवार अमर रहे' सुरू झालं. कोणीतरी कलावतीबाईंच्या पाया पडलं, मग सगळेच पडू लागले.

गुलाबराव त्यांना घरी सोडून गेले. पायरीवर एक मुलगी बसली होती. मुंबईच्या कंपनीची अनुश्री.

"काकू, पंडरीत तुम्ही सही केलीत म्हणे. मग चेहरा-आवाजासाठी तुम्ही आधीच केलेला आपला करार?"

"पोट्टा मरत होता," कलावतीबाई कुलूप काढत म्हणाल्या. "तुमचा कागद तसाच आहे."

"निरंजन सर विचारत होते, आता तरी लोकांना खरं सांगू का? त्यांनी तीनदा विकायला नकार दिला होता. चौथ्यांदा तुम्ही त्यांचे पाय धरलेत म्हणून—"

"सिनेमा लागू दे. मग मीच सांगीन. आलं का ते?"

अनुश्रीनं मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. "तुमच्या अटीप्रमाणं आहे. मंगलू नदीतून वाचून घरी येतो तेव्हाचं. अख्ख्या सिनेमात एवढं एकच वाक्य मराठीत आहे."

कलावतीबाईंनी दार लोटून घेतलं आणि मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आई," यशदीप म्हणाला, "मले भूक लागली."