छातीच्या उंचीला

वनस्पती उद्यानामागच्या जंगलात तान बाईंनी तीस वर्षं झाडं मोजली. खरं तर मोजायचा त्यांचा मदतनीस आय-लुन. खोडाला छातीच्या उंचीला फीत गुंडाळून तो झाडाचा क्रमांक आणि घेर ओरडायचा, बाई घेर मोठ्यानं परत म्हणायच्या आणि मगच वहीत लिहायच्या. चूक होऊ नये म्हणून तसा नियमच होता. बाईंना जरा उशीर झाला की तो खिजवायचा, "बाई, पेन झोपलं का?"

गेल्या हिवाळ्यात आय-लुन वारला. आज निवृत्तीच्या दिवशी बाई जुनी वही घेऊन एकट्याच जंगलात आल्या. केळीच्या पानातला चिकट भात त्यांनी उघडला, दोघांपुरता.

"सातशे बारा. घेर नव्वद."

आवाज ओढ्यापलीकडून आला. बाईंचे डोळे भरून आले.

"नव्वद," त्या म्हणाल्या.

"सातशे तेरा. घेर बावन्न." आता ओढ्याच्या अलीकडून.

"बावन्न."

मग जंगल गप्प झालं. पाठीमागे पाचोळा वाजला. काखेखालून गार फीत सरकली आणि छातीभोवती घट्ट बसली.

"नवं झाड," अगदी कानाशी आवाज आला. "घेर चौऱ्याऐंशी."

बाईंना श्वास घेता येईना.

"बाई, पेन झोपलं का?"

"चौऱ्याऐंशी," बाई सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, आणि त्यांनी लिहिलं.