रोजचा गृहपाठ

मीना सलमान बंदरातल्या गोदामात कंटेनरचं दार धाडकन लागलं, की सिक्युरिटीवाले अश्वजित थेट टेबलाखाली शिरायचे. फौज सोडून बारा वर्षं झाली, तरी तोफगोळे काही डोक्यातून जाईनात. शेवटी सनाबिस भागातल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर अँजेलांनी गृहपाठ दिला, की तोफगोळे पडले तो दिवस रोज बायकोला मोठ्यानं सांगायचा. नीलमनं सहा महिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. पहिल्या गोळ्यामागोमाग दुसरा कसा आला, तेही.

आज परीक्षा होती. डॉक्टरांनी मुद्दाम एक जाडजूड फाईल जमिनीवर आपटली. अश्वजित निवांत चहा पीत राहिले.

"वा! अगदी ठणठणीत झालात की!" डॉक्टर खूश झाल्या. "पण नीलमताई कुठे गेल्या?"

टेबलाखालून आवाज आला, "डॉक्टर, आधी आडव्या व्हा! दुसरा येतोय!"