ओट्याखालचा कोपरा

“किचन वापरणार कोण?” दुकानातल्या ललितने विचारलं.

“ह्या. माझ्या सासूबाई,” चैताली म्हणाली.

“ही. माझी सून,” लताबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

ललितने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि कागदावर टेकवलेलं पेन पुन्हा उचललं.

गंगापूर रोडवरच्या त्या दुकानात लताबाई मनाविरुद्धच आल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. चालणं सावरलं, बोलणं सावरलं. उजवा हात मात्र ऐकेना. एकदा त्यांच्या हातून उकळत्या वरणाचं पातेलं निसटलं, ते नेमकं चैतालीच्या पायाशी. तिला भाजलं नाही, आणि ती एका शब्दाने बोललीही नाही. पण बुद्धपौर्णिमेला अख्ख्या कॉलनीची खीर एकटीने ढवळणारी ही बाई त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबू लागली. आता घरातलं किचन नवं होत होतं, आणि “रंग निवडायला तरी चला, आई,” म्हणून सुनेने त्यांना रिक्षात बसवलं होतं.

रंग पाच मिनिटांत ठरला. घोडं अडलं ते कोपऱ्यावर. ओटा जिथे काटकोनात वळतो, तिथे खाली एक खोल जागा उरते. अर्धी दाराशी, अर्धी शेजारच्या कपाटाच्या मागे. तिथे गेलेली वस्तू काढायची तर फरशीवर बसायचं, डोकं आत घालायचं आणि खांद्यापर्यंत हात लांबवून चाचपडायचं. लताबाईंची वीस वर्षं त्या चाचपडण्यात गेली होती.

ललितने तीन नमुने दाखवले. पहिल्यात दार उघडलं की अर्धगोल थाळ्या फिरत बाहेर यायच्या. दुसऱ्यात एकाखाली एक दोन ट्रे होते, प्रत्येक वेगळा ओढायचा. तिसऱ्यात पुढच्या जाळ्या ओढल्या की त्या बाजूला सरकायच्या आणि मागच्या अंधारातल्या जाळ्या आपोआप पुढे यायच्या.

“तू बघ. मी बसते इथे,” लताबाई स्टुलावर टेकल्या. “तुझं किचन, तू ठरव.”

“तुमचं नाही का?”

“माझं काय आता! हे काम उरकलं की मी निफाडला जाते, आशाकडे. लेकीने खोलीसुद्धा रिकामी केलीये माझ्यासाठी.”

चैतालीने वळून पाहिलं नाही. तिने पहिल्या नमुन्याच्या थाळ्या फिरवून पाहिल्या, मिटल्या, पुन्हा फिरवल्या. मग दुसऱ्याचा वरचा ट्रे ओढला. तो अर्ध्यात तिरका झाला. तिने अंग वाकडं केलं, खालचा ओठ दातात धरला आणि पुन्हा जोर लावला.

“मॅडम, तुम्ही डावखुऱ्या आहात का?” ललितने विचारलं.

“नाही.”

“मग उजव्या हाताने घ्या ना. सोपं जाईल.”

“असू दे,” चैताली म्हणाली. “असंच बघायचंय मला.”

लताबाईंनी मान वर केली. सुनेचा उजवा हात पाठीमागे होता. मूठ मिटलेली, कमरेला घट्ट टेकलेली. पहिल्या थाळ्या फिरवल्या तेव्हाही तो तिथेच होता, हे त्यांना आत्ता आठवलं. मग स्टुलाच्या कडेवर हात रेटून उठल्या.

“सरक गं जरा.”

त्यांनी ट्रे डाव्या हाताने धरला आणि ओढला. “हा नको. मनगट वळवावं लागतं. तो पलीकडचा बघू.”

“तो तर एकदम हलका आहे, मावशी,” ललितला हुरूप आला. “एका बोटाने येतो, हे बघा.”

“रिकामा आहे म्हणून. रिकामं कोणीही ओढील. भरून दाखवा.”

“भरून?”

“आमच्या घरी त्यात कुकर जाणार, पितळी पातेली जाणार, बाजरीच्या पिठाचा डबा जाणार. तुमचं बोट नाही जाणार.”

चैताली हसली आणि पटकन तोंडावर हात धरला. उजवा.

ललितने बिजागऱ्यांची खोकी आणून जाळ्यांत ठेवली. ग्रॅनाइटचे नमुने ठेवले. लताबाईंनी दांडीला डावा हात घातला, क्षणभर थांबल्या आणि ओढलं. आधी पुढच्या जाळ्या आल्या आणि बाजूला झाल्या. त्यांच्यामागून मागच्या आल्या, सावकाश, खोक्यांसकट. कुठे अडल्या नाहीत. लताबाईंनी आत ढकललं, पुन्हा बाहेर ओढलं. मग आणखी एकदा.

“निफाडला किती दिवस जाणार?” चैतालीने हळूच विचारलं.

“चार दिवस. खोली रिकामी केलीये म्हटल्यावर जायला तर हवंच.” त्यांची नजर जाळ्यांवरून हलली नाही. “पण कुठली डाळ कुठे, ते मी आल्यावर लावू. तू एकटीने लावशील तर मला काही सापडायचं नाही.”

“बरं,” चैताली म्हणाली. तिने खांद्यावरची पर्स काढली आणि खोक्यांवर ठेवून दिली.

ललितने पेन उघडलं. “मग हाच लिहू ना, मावशी?”

लताबाईंनी डाव्या हाताने पदर ओढून कमरेला खोचला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “अजून टाका.”