पान एकशे बारा

आळंदच्या वाचनालयात ऑनलाइन ग्रंथसंग्रह सुरू झाल्यापासून ग्रंथपाल मालतीबाई रोज दुपारी तुरीच्या किडीवरचं एकच जुनं पुस्तक उघडून बसायच्या. त्यातही एकशे बारावं पान.

नवी सहायक नेत्रा एकदा मागं येऊन थांबली. "अक्का, स्कॅन करताना कुणाचा तरी अंगठा आलाय की ह्यात! चिरलेलं नखसुदा दिसायलंय. दोन ओळी झाकल्यात. कळवू का? पान बदलून देतेत."

मालतीबाईंनी झटकन माऊसवर हात ठेवला. "नको गं. स्कॅनिंगचं काम आमच्या ह्यांच्याकडंच होतं."

नेत्रानं वाकून त्या अंगठ्याकडं पुन्हा बघितलं.

"हार घातलेला फोटो हाय घरी," त्या स्क्रीनकडं बघतच म्हणाल्या, "पण त्यो छातीपर्यंतच. हात न्हाईत त्यात."